शाळेतला टॅब : पेटी कुणाकडे, चावी कुणाकडे?

तायांनो, गटाची पेटी एकीच्या घरी आणि चावी दुसरीच्या घरी, ही रीत आपल्याला नवी नाही. या महिन्याच्या अभ्यासाला तीच रीत कामाची आहे. विषय आहे पहिली-दुसरीच्या वर्गातला टॅब आणि टीव्ही.

आपल्याकडच्या बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीकडून नाहीतर एखाद्या कंपनीच्या देणगीतून या वस्तू आल्या. पुढे दोनपैकी एक होतं. "फुटला तर भरून कोण देणार?" म्हणून टॅब कपाटात कुलपात जातो. नाहीतर पोरं गप्प बसावीत म्हणून कार्टून लावून दिलं जातं. शिक्षकांनाच दोष देऊन चालणार नाही. दोन वर्ग एकाच गुरुजींकडे आणि वर कागदपत्रांची कामं, मग हे होणारच.

पण वय बघा. 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाला समजून वाचता यावं आणि साधी गणितं यावीत असं ठरलं आहे. त्याचा पाया पहिली-दुसरीतच पडतो. अक्षर कानाने ऐकायचं, बोटाने धुळीत गिरवायचं, मग पाटीवर काढायचं. यातलं ऐकवायचं काम टॅब चांगलं करतो. घरी पावरी, कोरकू, गोंडी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या लेकराला पुस्तकातली मराठी गोष्ट चार वेळा ऐकायला मिळाली तर मोठा आधार होतो. समुद्र न पाहिलेल्या मुलाला जहाज दाखवता येतं. पेन्सिल धरायला मात्र टॅब शिकवत नाही, आणि काचेवर बोट फिरवलं म्हणजे लिहिता आलं असंही नाही.

आता हिशोब करू. समजा वर्गात 24 मुलं आहेत आणि टॅब एकच. चार-चार मुलांचे सहा गट केले. रोज दोन गटांना दहा-दहा मिनिटं दिली, तर तीन दिवसांत सगळ्यांचा नंबर लागतो आणि रोजची फक्त वीस मिनिटं जातात. गटातलं कर्ज फिरतं तसंच हे. चौघांत एकाने टॅब धरायचा, बाकीच्यांनी मोठ्याने उत्तर सांगायचं, अडीच मिनिटांनी हात बदलायचा. हे ठरवलं नाही तर जो धीट तोच धरून बसतो. बहुतेक वेळा तो मुलगा असतो आणि मुली मागून बघतात. हे बारकाईने बघाच. बाकीची वीस मुलं तेवढा वेळ चिंचोके मोजतील, मणी ओवतील, चित्र रंगवतील. टॅबवर "पाच" बघून आलेल्या गटाने लगेच पाच चिंचोके मांडून दाखवायचे. हे मांडणं झालं नाही, तर आधीची दहा मिनिटं वाया गेली असं मी म्हणेन.

बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात. त्यातले धडे आधी उतरवून ठेवले की वर्गात नेट लागत नाही, आणि नेट बंद असलं की नको ते व्हिडिओही येत नाहीत. अँड्रॉइड टॅबमध्ये एकच ॲप समोर अडकवून ठेवायची सोय असते, ती गुरुजींना चालू करायला सांगा. खिचडी खाल्लेले हात धुतल्याशिवाय टॅबला लावायचे नाहीत. चार्जिंग मुलांच्या हाताला न लागणाऱ्या जागी, मोठ्या माणसाच्या देखरेखीत. बॅटरी फुगलेली दिसली तर तो टॅब वापरातून काढायचा, "अजून चालतोय की" म्हणायचं नाही. आणि वर्गातले मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी आईबापांना विचारलं पाहिजे.

विजेचं काय? बिल थकलं आणि जोडणी तुटली की टीव्ही नुसता भिंतीवर. इथे आपला आवाज चालतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे आपल्यातल्या कुणीतरी तिथे आहेच. सहीपुरतं न जाता बिल कोण भरतं, दुरुस्तीला पैसे कुठून येतील आणि टॅब वापराची नोंदवही आहे का, हे तिथे विचारता येतं. वहीत तारीख, गट, धडा आणि कुणी घेतला, एवढ्या चार रकान्यांत भागतं.

घरचा मोबाईलही याच हिशोबात धरा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तेवढं बरं. अंगणवाडीतलं धाकटं लेकरू जेवताना फोन बघतं, तेही त्यातच आलं.

पुढच्या बैठकीत यावर बोला: आपल्या शाळेत टॅब किंवा टीव्ही किती, त्यातले चालू किती? मागच्या आठवड्यात पहिलीतल्या किती मुलींच्या हातात टॅब आला? टॅब एकाकडे आणि कपाटाची चावी दुसऱ्याकडे, अशी कोणती दोन माणसं गावात आहेत? उत्तरं माहीत नसतील तर दोघींनी शाळेत जाऊन बघून यावं आणि ठराव वहीत लिहून ग्रामसंघाच्या बैठकीत मांडावं.