फाट्यावरचं गिऱ्हाईक

फाट्यावरच्या हॉटेलाला नाव काय द्यायचं ते तू आणि नातसूनबाई ठरवा, त्यात मी पडत नाही. पण भांडी घ्यायच्या आधी दोन घटका बस. उद्या शुक्रवार, मग तुला वेळ नाही मिळायचा.

आपल्या घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात मी उमेदीची सगळी वर्षं म्हशी घेतल्या-विकल्या. तुला माहीत आहे, काही हेडी व्यापारी आदल्या संध्याकाळची धारच काढत नाहीत. सकाळी कास टम्म फुगलेली दिसते, नवखा माणूस भुलतो. एकदा मीही ते केलं. म्हैस रात्रभर पाय झाडत होती, तरी केलं. घेणारा पाथर्डीकडचा होता. पुढच्या शुक्रवारी तो आला, पण भांडला नाही. माझ्या दावणीपुढून सरळ गेला आणि मला दिसेल असा उभा राहून शेजारच्याकडनं दोन म्हशी घेऊन गेला. त्याच्या गावचं एकही गिऱ्हाईक नंतर माझ्याकडे आलं नाही. रुमालाखाली बोटं दाबून केलेला सौदा कुणाला दिसत नाही, पण म्हैस किती दूध देते ते आठ दिवसांत सगळ्या गावाला कळतं.

बाजारात ही धास्ती असते. फाट्यावर नसते, तिथंच माणूस बिघडतो. नगर-संभाजीनगर रस्त्यावरून शनीच्या शिंगणापूरला वळलेली गाडी पुन्हा कशाला येतेय, असं लोक धरून चालतात. शिंगणापुरात घरांना दारं नाहीत म्हणून लांबलांबून माणसं बघायला येतात. 2011 साली युको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा काढली, त्याचंही केवढं नवल झालं! आणि त्याच वाटेवर लटकू म्हणतात ते दलाल गाडीला मोटारसायकल आडवी घालतात, पूजेचं ताट हातात कोंबतात आणि भाव मागनं सांगतात. तुला गिऱ्हाईक आणून देतो म्हणून कुणी कमिशन मागायला आलं, तर चहा पाज आणि वाटेला लाव. ते कमिशन शेवटी ताटाच्या भावातच चढतं.

तू गल्ल्यावर रुईची माळ, काळे उडीद, तेलाची बाटली ठेवणार म्हणतोस. ठेव. पण प्रत्येकाचा भाव पाटीवर लिही, आणि पाटी गाडीतून वाचता येईल एवढी मोठी कर. कुणी विचारलं तर लहान बाटली आधी दाखव.

पाण्याच्या बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त नको. बाटली नुसती गल्ल्यावरून विकताना ‘गार करायचे दोन रुपये’ हे कायद्यात बसत नाही. ग्राहकाचा पहिला कायदा 1986 चा, आताचा 2019 चा, तो 20 जुलै 2020 पासून लागू आहे. बिल द्यायला नकार देणं हीसुद्धा त्यात अनुचित प्रथा धरली आहे. म्हणून मागायच्या आधीच बिल दे.

आता संडास-बाथरूम. तू आराखड्यात ते मागं, गॅसच्या टाक्यांपलीकडे दाखवलंय. पुढं आण. गाडी कुठं थांबवायची हे ड्रायव्हर ठरवत नाही, मागच्या सीटवरची बाई ठरवते. ती आधी ते बघते, मग मिसळीचं विचारते. आतून लागणारी कडी, पर्स अडकवायला खुंटी, भरलेली बादली, साबण आणि झाकणाचा डबा, एवढं असलं की ती बाई दहाजणींना सांगते. दर तासाला कुणी धुतलं त्याची सही दारामागे हवी. त्या माणसाचा पगार सात तारखेच्या पुढं न्यायचा नाही. पगार रखडला की सही होते, धुणं होत नाही.

कागदी कपांच्या आतून प्लॅस्टिकचा थर असतो, ते जाळूही नकोस आणि ओढ्यातही टाकू नकोस. त्यापेक्षा काचेचे ग्लास आण. गरम पाणी नि एक जास्तीचा पोऱ्या लागेल, पण रोज संध्याकाळी मागच्या बाजूला कपांचा ढीग पडायचा नाही. आणि एक वही कर. शुक्रवारी किती मिसळ गेली, कांद्याच्या लिलावादिवशी किती, अमावास्येला शनिवार आला तेव्हा किती, आणि किती फेकली. तीन महिन्यांत सोमवारी पोहे किती भिजवायचे ते वहीच सांगेल. नासलेल्या अन्नावर जाहिरातीपेक्षा जास्त पैसे जातात.

चहा नासला, मिसळीत केस निघाला, तर ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणायचं नाही. ताट उचलायचं, नवं द्यायचं, पैसे घ्यायचे नाहीत. भांडण झालंच तर नातसूनबाईला पुढं कर. तुझा आवाज माझ्यासारखा आहे, लगेच चढतो.

आणि मोबाइलवर मावसभावांकडून पाच-पाच तारे टाकून घ्यायचं चाललंय म्हणे. अजून चूल पेटली नाही, चांगली चव कुणी घेतली? ती कास फुगवणंच झालं. काढून टाकायला सांग.

ऊठ आता, गवळ्याकडे जा. हॉटेल सुरू झालं की दर शुक्रवारी पहाटे चारला पहिला टेम्पो म्हशी उतरवतो त्याच्या आधी दूध हवं म्हणून सांग, आणि मापाला भांडं आपलं ठेव.