बाटलीतलं ऊन

डिसेंबरच्या सुट्टीत माझी मावसबहीण लीड्सहून आली, तेव्हा तिच्या बॅगेतून चॉकलेटांबरोबर दोन अर्धवट बाटल्या निघाल्या. तिच्या आयरिश रूममेटने त्या टाकून द्यायला काढल्या होत्या. ताईने माझ्यासाठी उचलून आणल्या, कारण मी केमिकलला आहे. (केमिकलवाल्या मुलीला कुठलीही बाटली चालते, असा आमच्या घरात समज आहे.) वर लिहिलं होतं, 'सेल्फ टॅनिंग वॉटर'. म्हणजे गोऱ्या माणसाने सावळं व्हायचं पाणी! मी जन्मतः सावळी, आणि दहावीपर्यंत डाळीचं पीठ नि सायीचे लेप मुकाट सोसलेली. त्यामुळे आधी पोटभर हसले आणि मग लेबल वाचायला बसले.

ब्रिटन-आयर्लंडमध्ये ऊन कमी. सुट्टीत स्पेनला जाऊन तांबूस होऊन येणं ही तिकडे मिरवायची गोष्ट. पूर्वी त्यासाठी बरेच लोक सनबेडवर जाऊन झोपत. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सनबेडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. 2010 च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये अठराच्या आतल्यांना तो बंदही झाला. त्या मानाने बाटलीतला रंग पुष्कळ शहाणा.

आता थोडी केमिस्ट्री, कंटाळू नका. या सगळ्या बाटल्यांत खरं काम करतं ते डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन, थोडक्यात डीएचए. ही तीन कार्बनची साधी साखर. त्वचेच्या सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा थर असतो. त्यातल्या अमिनो आम्लांशी ही साखर रिअ‍ॅक्ट होते आणि तपकिरी मेलॅनॉइडिन तयार होतं. हीच मेलार्ड रिअ‍ॅक्शन. पाव भाजताना त्याला खरपूस रंग येतो तो हिच्यामुळेच! टॅनिंगच्या बाटलीला भाजक्या बिस्किटासारखा वास येतो तो काही उगाच नाही. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे मेंदी. रिअ‍ॅक्शन वेगळी, पण तीही मेलेल्या थरालाच चिकटते, लगेच धुतली तर रंगत नाही आणि कातडी झडली की आपोआप जाते. डीएचएचा रंग 2 ते 4 तासांत दिसायला लागतो आणि साधारण 5 ते 7 दिवस टिकतो.

याचा शोध म्हणजे चक्क एक अपघात. 1950 च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीला इव्हा विटगेनस्टाइन नावाच्या संशोधिका आजारी मुलांना डीएचए औषध म्हणून पाजत होत्या. मुलांच्या तोंडून ते अंगावर सांडलं, तिथे तपकिरी डाग पडले. बाईंनी मग स्वतःच्या कातडीवर लावून पाहिलं.

असो. आता बाटल्यांची तुलना. पहिली बिनरंगाची. हिचा फायदा म्हणजे चादरीला आणि कपड्याला लगेच रंग लागत नाही. तोटाही तोच: कुठे लावलं नि कुठे राहिलं ते कळतच नाही. सकाळी उठल्यावर पोटरीवर पट्टे! दुसरीत आधीपासून रंग घातलेला असतो. तो फक्त हात कुठे फिरला ते दाखवायला, पहिल्या आंघोळीत वाहून जातो. नवशिके पाण्यातला तो रंग पाहून घाबरतात, पण खरा रंग मागे राहिलेला असतो. आइल ऑफ पॅराडाइज ही ब्रिटिश कंपनी फिकटसाठी पीच, मध्यमसाठी हिरवी, गडदसाठी जांभळी अशी बाटली देते. हिरवा लालीला मारतो, जांभळा पिवळ्याला, म्हणजे नारिंगी दिसू नये म्हणून ही धडपड.

पण माझ्या मते बाटलीचा रंग दुय्यम, डीएचएचं प्रमाण महत्त्वाचं. युरोपीय संघाने 2021 च्या नियमात वरची मर्यादा 10 टक्के ठरवली आहे. पहिल्यांदा लावणाऱ्याने 'लाइट'च घ्यावी, कारण कमी पडलं तर पुन्हा लावता येतं, जास्त झालं तर आठवडाभर तोंड लपवायचं. काहींत एरिथ्रुलोज नावाची दुसरी साखर असते. ती सावकाश रंगते आणि रंग जरा एकसारखा उतरतो, म्हणून मला तीच बाटली जास्त पसंत. आणि फवाऱ्यापेक्षा फेस बरा. अमेरिकेच्या एफडीएने डीएचएला फक्त बाहेरून लावायला परवानगी दिली आहे. डोळे, ओठ आणि नाकातोंडात ते जाता कामा नये. बंद बाथरूममध्ये फवारा उडवला तर काय होणार, ते सांगायला नको.

ताईची रूममेट दर गुरुवारी रात्री हा कार्यक्रम करायची. आदल्या दिवशी अंग घासून मेलेली कातडी काढायची, कोपर-गुडघे-घोट्यांना थोडं क्रीम (तिथला थर जाड, रंग जास्त पितो), मग हातमोजा घालून लावायचं, 6 ते 8 तास पाणी नाही, परफ्यूम नाही. एवढी शिस्त आमच्या सबमिशनला असती तर!

आणि तीच मुलगी जूनमध्ये स्पेनला जाऊन भाजून आली. आपण आधीच ब्राऊन, मग सनस्क्रीन कशाला, असा तिचा हिशोब. खांद्यांवर फोड आले, दोन रात्री पोटावर झोपली. चूक साधी आहे. हा रंग मेलॅनिन नाही. त्याने अतिनील किरण अडतात ते नावापुरते. उलट प्रयोगशाळेत डीएचए लावलेल्या त्वचेवर प्रकाश पाडला तेव्हा फ्री रॅडिकल्स जास्त तयार झालेली आढळली आहेत. म्हणून लावल्यानंतर निदान एक दिवस उन्हापासून दूरच राहावं, आणि सनस्क्रीन वेगळं लावावंच. माझं मेलॅनिन खरं असलं तरी आता मीही लावते, आई हसते तरी.

प्रॅक्टिकल राहिलंच. माझ्या हातावर या बाटल्यांचा काय रंग दिसणार! म्हणून तळवे निवडले, तिथला थर सगळ्यात जाड. डावीकडे बिनरंगाची, उजवीकडे रंगाची. दुसऱ्या दिवशी उजवा बऱ्यापैकी एकसारखा नारिंगी. डाव्यावर मात्र सगळ्या रेषा गडद आणि मधे पिवळे चट्टे. मेसमध्ये ताट पुढे केलं तर काकू माझ्या हाताकडे बघतच राहिल्या. पोळी वाढायची सोडून म्हणाल्या, "अगं, कावीळ झाली की काय? तेलकट खाऊ नकोस हो." त्या दिवशी भजी होती. मला एकही मिळाली नाही.