कुरणावरची शाळा

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ कोसबाड नावाची टेकडी आहे. भोवतालच्या पाड्यांत बहुतांशी वारली लोकांची वस्ती. बोर्डी येथे 1945 साली आरंभिलेले आपले बालशिक्षणाचे कार्य घेऊन ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ 1957 साली येथे आल्या. येथे एक अवघड प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. शिकवणारे होते, शिकण्याच्या वयाची मुलेही होती. पण ती शाळेत येत ना!

या मुलांना बुद्धी कमी होती काय? तसे समजणे सोपे होते. परंतु तेथले आठ-नऊ वर्षांचे पोर दिवसभर गुरे राखी, पान पाहून झाड ओळखी, साद ऐकून पक्षी सांगे. कळपातले एखादे वासरू मागे राहिले, तर ते त्याच्या तत्काळ ध्यानी येई. अशा मुलाला चार भिंतींत बसवून अनोळखी अक्षरे गिरवावयास लावले, तर त्याचे मन कसे रमावे? शिवाय त्याच्या कामावाचून घरचे भागत नसे, ही अडचण निराळीच. पोटापुढे पाटी टिकत नाही.

बालवाडीत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या अंगणातच बालवाडी न्यावयाची, हा प्रयोग ताराबाईंनी बोर्डीस केला होता. तोच विचार आता पुढे गेला. मुले गुरांमागे कुरणावर जातात ना? मग शिक्षकानेही तिकडेच जावे! अशी ही 'कुरणशाळा' सुरू झाली.

प्रत्येक मुलाने आपल्या आवडीचे काम घ्यावे व आपल्या गतीने पुरे करावे, हे मारिया माँटेसोरी यांचे तत्त्व ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करताना अंगी बाणवले होते. मात्र माँटेसोरीची लाकडी साधने महाग. ती रानात कोठून आणावी? येथे खडे, बिया, शिंपले आणि पाने हीच साधने झाली. ज्याचा हात मोजण्यात चाले, त्याचे गणित खड्यांवरून पुढे जाई. ज्याला झाडाझुडपांची माहिती अधिक, त्याचा पाठ पानांपासून सुरू होई. शिकवणाऱ्याला मात्र एका जागी बसण्याचे सुख नव्हते. गुरे चरत चरत पुढे सरकली, की शाळाही उठून त्यांच्यामागे निघे.