आळशी नाही गं, त्याला चालवत नाहीये

अगं, "हल्ली फार आळशी झालंय, भाजीची पिशवी वाजली तरी जागचं हलत नाही," असं तू सहज बोलून गेलीस, पण माझ्या मनातून ते जाईना. पिशवीचा आवाज ऐकला की ओरडत धावत येणारं गिनी पिग कोपऱ्यात बसून राहिलं, तर बहुतेक वेळा त्याला कुठेतरी दुखत असतं. या जिवांची घडणच अशी, की दुखणं होईल तेवढं लपवायचं; रानात लंगडं जनावर आधी पकडलं जातं ना! त्यामुळे त्याचं लंगडणं आपल्या नजरेला येतं, तोवर आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. म्हणून 'बघू दोन दिवस' हे मनातून काढून टाक.

आधी नीट तपासून बघ. जमिनीवर मांडी घालून बस. एक हात त्याच्या छातीखाली, दुसऱ्याचा ढुंगणाला आधार, असं त्याला जवळ घे. उताणं करू नकोस. पुढच्या पायांना चार-चार बोटं असतात, मागच्यांना तीन-तीन. एकेक नख बघ, वाढून आत वळलंय का. तळवा कोरडा आणि मऊ हवा. तो लाल असेल, सुजला असेल, त्यावर खपली असेल, तर त्याला डॉक्टर 'बम्बलफूट' म्हणतात. जाळीचा तळ, ओलं अंथरूण, फाजील वजन आणि वाढलेली नखं यांतून ते होतं. खपली ओढून काढू नकोस. संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो, त्याला औषधच लागतं.

तळवे छान आहेत, पण सांधे सुजलेत, हात लावला की ओरडतं, केस राठ झालेत, असं असेल तर त्याच्या ताटाकडे बघ. आपल्यासारखंच त्याच्याही शरीरात व्हिटॅमिन सी तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश या संशोधकांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना पूर्वी खलाशांना व्हायचा तोच स्कर्व्ही झाला. तू देतेस त्या काकडी-गाजरात हे व्हिटॅमिन अगदी थोडं असतं. पाकिटातल्या दाण्यांतलं जसजसे महिने जातात तसतसं उतरत जातं. पाण्यात थेंब घालूनही उपयोग नाही. ते लवकर निकामी होतात, शिवाय चव बदलली म्हणून पाणी पिणं कमी होतं ते वेगळंच.

त्याला किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. लाल ढोबळी मिरचीचा साधारण २५ ग्रॅमचा तुकडा दिलास की मोठ्या गिनी पिगची गरज बरीचशी भागते. सोबत कोथिंबिरीच्या चार काड्या दे. पेरू आवडीने खाईल, पण त्यात साखर, म्हणून कधीतरी लहानशी फोड. दुखणं खरोखर याच कमतरतेचं असेल तर डॉक्टर डोस वाढवून देतात आणि आठवडाभरात फरक दिसू लागतो. बाकी मुख्य जेवण वाळलेलं गवतच. लसूणघास मात्र मोठ्या गिनी पिगला रोज घालू नकोस, त्यात कॅल्शियम फार. मूतखड्याचा त्रास असलेलं गिनी पिगही पाठ वाकवून, जपून चालतं. लघवी करताना ओरडतंय का, लघवीत रक्त दिसतंय का, तेही बघ.

मुलांच्या हातून किंवा सोफ्यावरून पडलं असेल, किंवा मागचे पाय अचानक ओढत चालायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तिथे एक्स-रे काढल्याशिवाय काही कळत नाही. फोनवर आधीच विचार, की तुम्ही ससे, गिनी पिग बघता का? आणि एक गोष्ट ठामपणे सांग: अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या जातीचं औषध याला तोंडावाटे चालत नाही. त्याने पोटातले चांगले जंतू मरतात आणि त्यातच गिनी पिग दगावतं. घरातली दुखण्याची गोळीही चिमूटभरसुद्धा देऊ नकोस. म्हातारपणी सांधे धरतात, त्यावर डॉक्टर वजन बघून वेदनाशामक लिहून देतात. ते रोज वेळेवर दिलंस, तर म्हातारं गिनी पिगही पुन्हा हिंडायला लागतं.

मग पिंजरा त्याच्या सोयीचा कर. वरचा मजला, उतार काढून टाक, सगळं एका पातळीत ठेव. खाली फ्लीसचं कापड नाहीतर जुने टी-शर्ट घाल. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात. गवत आणि पाणी त्याच्या तोंडाशी, पाण्याची बाटली खाली सरकवलेली. हलता येत नसेल तर अंग लघवीत भिजतं. दिवसातून दोनदा मागची बाजू कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडी कर. पावसाळ्यात तर यात हयगय नको, ओल्या अंगावर माशा अंडी घालतात. सोबतीण असेल तर ती त्रास देत नाही तोवर वेगळी करू नकोस. तिच्यामुळे ते खातं.

रोज ठरावीक वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन कर आणि लिहून ठेव. वजन सतत घसरायला लागलं तर थांबायचं नाही. बारा तास काही खाल्लं नाही तर ती तातडीची वेळ समज, कारण त्याचं आतडं रिकामं राहून चालत नाही. डॉक्टरकडे पोचेपर्यंत दाणे भिजवून पातळ केलेलं सिरिंजने गालाच्या कडेने थोडं थोडं भरव, घाईने ओतू नकोस.

पायांतलं बळ गेलं म्हणजे सगळं संपलं, असं मानू नकोस. दुखत नसेल, आवडीने खात असेल, कोरडं आणि स्वच्छ राहत असेल, तर सरपटत का होईना, ते मजेत जगतं. औषधानेही कळा थांबेनात, खाणं सुटलं, तर मात्र डॉक्टरांशी मोकळेपणाने बोल आणि त्याला सोडवायचा निर्णय घेताना स्वतःला दोष देऊ नकोस. पण तो प्रश्न अजून आपल्यापुढे नाही. आज संध्याकाळी तळवे बघ, वजन कर, चालतानाचा छोटा व्हिडिओ काढ, कारण दवाखान्यात घाबरून ते हलणारच नाही. आणि उद्याची वेळ घे. एकटीला धीर होत नसेल तर सांग, मी येते बरोबर.