प्रोस्टेटचे जुने दुखणे आणि डोळा

डोळा पुढे आल्यासारखा दिसू लागला, तर प्रोस्टेटचा विचार कोणाच्या मनात येत नाही. क्वचित का होईना, पण या दोन्हींचा संबंध असू शकतो. म्हणून घरात वडीलधारी मंडळी असलेल्या सभासदांनी ही माहिती अवश्य वाचावी.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचा कर्करोग बहुधा सावकाश वाढतो आणि पसरलाच तर मुख्यतः हाडांत पसरतो. त्याची एक वाट ऑस्कर बॅटसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४० साली दाखवली. कण्याभोवतीच्या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे ओटीपोटातील रोगट पेशी वर कवटीपर्यंत जाऊ शकतात. डोळ्याची खोबण कवटीच्या हाडांचीच बनलेली असते. तिथे गाठ वाढली की डोळ्याला जागा अपुरी पडते.

लक्षणे कोणती?

एक डोळा पुढे येणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, पापणी खाली उतरणे, डोळ्यामागे दुखणे, नजर कमी होणे. मात्र लगेच घाबरून जाऊ नये. डोळा पुढे येण्याचे नेहमीचे कारण थायरॉइडचा विकार हे असते आणि एकाचे दोन मधुमेहामुळेही दिसते. नेमके कारण सीटी किंवा एमआरआय, रक्ताची पीएसए तपासणी आणि गरज पडल्यास बायॉप्सी यांवरून ठरते.

उपचार

पुरुषी हार्मोन कमी केल्यास हा रोग आटोक्यात राहतो, हे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्याबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हार्मोनचे उपचार आजही त्याच तत्त्वावर चालतात. खोबणीवर किरणोपचार केल्यास वेदना कमी होतात व नजर वाचवायला मदत होते. पसरलेला रोग सहसा समूळ जात नाही, पण उपचार लवकर सुरू झाले तर फायदा जास्त.

आपण काय करावे?

आपल्याकडे वडील मंडळी लघवीचे दुखणे मुला-सुनेसमोर काढत नाहीत. मग सून डोळे दाखवायला घेऊन जाते आणि दहा वर्षांपूर्वीचे ऑपरेशन सांगायचे राहून जाते. बोलायला संकोच वाटत असेल, तर चिठ्ठीवर लिहून द्यावे किंवा जीपींना रेफरलच्या पत्रात नमूद करायला सांगावे. भाषेची अडचण असल्यास १३१ ४५० या क्रमांकावर दुभाषी मागता येतो. स्कोफिल्ड्सहून ब्लॅकटाउन व वेस्टमीड ही सरकारी रुग्णालये जवळ आहेत. नजर अचानक गेली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता इमर्जन्सी विभाग गाठावा.

आईवडिलांना भारतातून बोलावताना बायॉप्सीचे व पीएसएचे जुने रिपोर्ट बरोबर आणायला सांगावे. ऑस्ट्रेलियाचा भारताशी परस्पर आरोग्य करार नाही, त्यामुळे व्हिजिटर व्हिसावरील पालकांना मेडिकेअर मिळत नाही. विमा घेताना आधीच्या आजारांबद्दलचे कलम नीट वाचावे आणि जुना आजार लपवू नये.

हा लेख केवळ माहितीसाठी आहे. सल्ला आपल्या डॉक्टरांचाच घ्यावा.