शाळेच्या संग्रहातील जुना भाला : ओळख व नोंद

शालेय वस्तुसंग्रहाचे काम सुरू झाले की, गावातील एखाद्या घरातून गंजलेला भाला येतो आणि येतानाच ‘शिवकालीन’ हे विशेषण घेऊन येतो. शिक्षकांनी ते लगेच चिठ्ठीवर लिहू नये. खंडेनवमीस शस्त्रे घासूनपुसून पूजण्याची रीत असली, तरी संग्रहास आलेले पाते चिंच, विटेची भुकटी किंवा पॉलिशकागद यांनी मुळीच घासू नये. गंजाखाली जौहरदार पोलादाची लहर अथवा अक्षरे असू शकतात; ती एकदा गेली की गेलीच. मऊ फडक्याने धूळ झाडावी, इतके पुरे.

पाहणी पात्यापासून करावी. वेळूचा किंवा लाकडाचा दांडा किडतो, मोडतो व बदलला जातो. जुन्या पात्यास नवा दांडा असण्यात लबाडी नाही. मात्र दोहोंचे वय एक समजू नये. दांडा ज्या खोबणीत बसतो ती विशेष बोलकी असते. लोहाराने लोखंड तापवून गुंडाळलेले असल्यास जोडाची रेघ बहुधा दिसते व गोलाई किंचित वाकडी असते. याउलट विजेच्या वेल्डिंगची फुगीर कड दिसल्यास ते काम अलीकडचे होय. खोबणीवर इंग्रजी अक्षरे व रुंद बाणाचा ठसा असेल, तर ते बहुधा इंग्रजी अमदानीतील सरकारी शस्त्र असते. देव्हाऱ्यात पूजले गेले, म्हणून त्याचे वय वाढत नाही.

नावही पाहूनच द्यावे. दांड्यासह सर्व लोखंडी असेल ती सांग. चिलखत भेदण्यासाठी तिचे टोक पुष्कळदा तिधारी किंवा चौधारी असे. दोर बांधलेला तो विटा. फेकल्यावर तो दोराने परत ओढून घेता येई. दोर टिकत नाही, म्हणून दांड्यावर त्याची कडी किंवा घासल्याची खूण शोधावी.

नंतर लांबी, रुंदी, वजन टिपावे व वरच्या वर्गातील मुलांकडून दोन्ही बाजूंचे रेखाटन करवावे. मुले पुष्कळदा मोठ्यांच्या नजरेतून सुटलेली खूण टिपतात. नोंदवहीत ‘प्रत्यक्ष दिसले ते’ आणि ‘देणाऱ्याने सांगितले ते’ असे दोन निराळे रकाने असावेत. घराण्याची हकीकत दुसऱ्या रकान्यात सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहावी; तीही जपण्याजोगी आहे.

भाला घरातला नसून नांगरताना जमिनीत सापडला असेल, तर तो परस्पर संग्रहात घेऊ नये. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार ती सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावी लागते. हा अर्ज लिहिण्यास शिक्षकांनी शेतकऱ्यास साहाय्य करावे.