अतिवृष्टीची मदत: पंचनाम्यापासून खात्यापर्यंत

खरीप काढणीला आला की परतीचा पाऊस गाठतो. अतिवृष्टी, पूर किंवा गारपिटीने पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान झाले, तरच शेतकरी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मिळणाऱ्या मदतीस पात्र ठरतो. ही रक्कम बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई नव्हे. पुढच्या पेरणीच्या बियाणे-खतांना हातभार लागावा, एवढाच तिचा हेतू असतो. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले दर जिरायत पिकांना हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये असून मर्यादा दोन हेक्टरची आहे. सोयाबीनचा उत्पादन खर्च पाहता ८,५०० रुपये फारच तोकडे आहेत. मराठवाडा, सोलापूर भागातल्या २०२५च्या महापुरानंतर राज्य शासनाने मर्यादा तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १०,००० रुपये जादा जाहीर केले. अशी वाढ दर वेळी स्वतंत्र शासन निर्णयाने होते, म्हणून त्या त्या आपत्तीचा निर्णय पाहूनच हिशेब धरावा.

मदत मिळते ती पंचनाम्यावर. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक संयुक्तपणे तो करतात. गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र आणि नुकसानीची टक्केवारी त्यात लिहिली जाते. पथक येईल तेव्हा शेतकऱ्याने बांधावर हजर असावे आणि लिहिलेले क्षेत्र वाचून घ्यावे. हेक्टर-आरच्या रकान्यात १.२० ऐवजी ०.१२ पडले, तर जिरायतीला १०,२०० रुपयांची मदत १,०२० वर येते. पथक येईपर्यंत साचलेले पाणी, शेंगांतून फुटलेले कोंब, आडवी झालेली कपाशी यांचे फोटो तारखेसह काढून ठेवावेत. चर काढून पाणी बाहेर सोडायला मात्र पंचनाम्याची वाट पाहू नये. उभे पीक वाचवणे केव्हाही अधिक मोलाचे.

सातबाऱ्यावरची पीकनोंदही तितकीच महत्त्वाची. शेतात सोयाबीन आणि ई-पीक पाहणीत तूर, किंवा नोंदच नाही, अशा ठिकाणी वाद उभा राहतो. ही नोंद मुदतीत मोबाइलवरूनच करावी. पाऊस पडून गेल्यावर ती दुरुस्त करणे अवघड जाते.

पैसे थेट खात्यात जमा होतात. त्यासाठी शेतकरी ओळख क्रमांक काढलेला असावा आणि बँक खाते आधारशी जोडलेले असावे. मदतीच्या यादीत विशिष्ट क्रमांक आला आणि ई-केवायसी मागितली, तर आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा देऊन ती पूर्ण करावी. जमिनीच्या सामायिक खात्यात इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते. खातेदार मयत असेल तर वारसनोंद आधी करून घ्यावी. बरीच मदत इथेच अडकते.

पीक विमा ही वेगळी योजना आहे. महाराष्ट्रात २०२५च्या खरिपात एक रुपयाचा विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरू लागली. त्यामुळे विम्याच्या भरवशावर पंचनामा टाळू नये.

मदतीची रक्कम बँकेने कर्जखात्यात वळती करू नये, असे शासन निर्णयांत स्पष्ट लिहिलेले असते. तशी वळती झाल्यास, अथवा यादीत नाव नसल्यास, तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.